कांडपात वाय-फाय आलं तेव्हापासून

तुम्ही कधी चटणीच्या कांडपात उभं राहून फोनवर बोलून बघितलंय? समोर मुसळं धाड धाड आपटतायत, मिरचीच्या खाटानं नाकाडोळ्यांतून पाणी येतंय, आणि पलीकडचा माणूस शांतपणे विचारतोय, "आवाज येतोय का?"

आमच्या कसबा बावड्यातल्या कांडपात आम्ही तिघी. मालकीण सुमनवहिनी, चाळायला रुक्सानाभाभी आणि मसाला भाजायला मी. यंदा वहिनींनी खोळंबून बसणाऱ्या गिऱ्हाईकांसाठी वाय-फाय बसवलं, आणि किस्से असे साठत गेले की मिरचीची पोती कमी पडावीत!

पहिल्याच आठवड्यात एक पावणं पायरीवर येऊन बसायला लागले. तीन दिवस झाले, हातात फोन, पिशवी नाही, काही नाही. चौथ्या दिवशी वहिनींनी विचारलंच, "पावणं, मिरची कुठाय?"

"मिरची न्हाय ओ वहिनी, मॅच हाय!"

"मग नुसतं बसून काय बघताय? ही चाळणी धरा की!"

पावण्यांनी अख्खी मॅच चाळणी हलवत बघितली. दुसऱ्या दिवसापासून घरीच बघतात म्हणे.

दुसऱ्या एक काकू व्हिडिओ कॉल लावूनच आल्या. लेक जर्मनीला. तिला तिथून चटणी कशी होतेय ते बघायचं होतं. लेक म्हणाली, "आई, लसूण कमी वाटतोय गं."

"तुला तितं वास येतोय व्हय?" काकू चिडल्या. पण वहिनींना म्हणाल्या, "थांबा जरा, तिला नीट बघू दे." मुसळं थांबवली. तेवढ्यात लेकीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं! चित्र अडकलं. आम्ही सगळ्या त्या उघड्या तोंडाकडे बघत उभ्या. मागं रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मशीन का बंद केलंसा? लाईट गेली काय?"

भाभी म्हणाल्या, "लाईट हाय ओ. जर्मनीत रेंज न्हाय!"

आता माझंही सांगायला हवं. माझी आई चंदगडजवळच्या गावात एकटीच असते. गेल्या पावसाळ्यात परसात घसरून पडली आणि दोन तास कुणाला पत्ता नाही. ते दोन तास अजून माझ्या छातीवर बसलेत. म्हणून भावानं पुण्याहून येऊन तिच्या घरातल्या पुढच्या सोप्यातल्या फळीवर कॅमेरा ठेवला. पूर्वी मी रोज अकराच्या सुमाराला तिला फोन करायचे. आता ती फोनमध्ये दिसतेच, मग विचारायचं काय? फोन करणं राहिलं, बघणं वाढलं. भट्टीशेजारी डब्याला टेकवून फोन उभा करते. एक डोळा धण्यांवर, एक आईवर.

एकदा आई पाच मिनिटं दिसली नाही. दहा झाली. मी फोनमध्ये डोकं घालून बसले आणि कढईतून धूर!

"अगं, धनं करपलं न्हवं!" वहिनी धावत आल्या.

"आई दिसत नाही, वहिनी."

"गेली असंल शेण काढाय! तुजी आई काय कॅमेऱ्यात नोकरीला लागलीया व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आई परत सोप्यात येऊन बसेपर्यंत मी नवे धणे काही कढईत टाकले नाहीत.

मी एकटीच अशी नाही. भाभींच्या लेकानं त्यांना पावलं मोजणारं घड्याळ दिलं. भाभी दिवसभर पाटावर बसून चाळणी हलवतात. संध्याकाळी घड्याळात बघतात तर बारा हजार पावलं! भाभी खूश. "बसल्या बसल्या पन्हाळ्याला जाऊन आले बघा!" पण आता घड्याळ टिर्रर्र करून उठायला सांगतं, तेव्हा त्या दचकतात. परवा चाळणी खाली ठेवून खरंच उभ्या राहिल्या. वहिनी म्हणाल्या, "मालकीण मी हाय का ते घड्याळ?"

आणि त्या कॉलेजच्या पोरीचं काय सांगू! तिच्या कानातलं बिनवायरचं बोंडूक गळून मिरचीच्या ढिगात पडलं. ती म्हणाली, "मी फोनवरून वाजवते, तुम्ही आवाज ऐका." मुसळं बंद. आठ बायका ढिगाला कान लावून वाकल्या, आणि आठहीजणी एकदम शिंकायला लागल्या! शेवटी ते सापडलं तिच्याच ओढणीत. पण पुढचे दोन दिवस एकेक गिऱ्हाईक डबा उघडून विचारत होतं, "वहिनी, आमच्या चटणीत ब्लूटूथ न्हाय न्हवं?"

मग मे महिन्यात वळीव सुरू झाले, आणि एके दिवशी अकरा वाजता आईचा कॅमेरा काळा झाला. मी घाबरून फोन लावला. आई म्हणाली, "लाईट गेली असंल गं." मग काजू, म्हैस, शेजारणीचं गुडघं असं अर्धा तास बोलली. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी अकरालाच परत काळा. परत फोन, परत अर्धा तास. तिसऱ्या दिवशीही तेच, तेव्हा मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, लाईट गेली तर कॅमेरा बंद दाखवतो. हा चालू आहे. नुसतं काळं दिसतंय."

मी कढई खाली उतरवली. म्हटलं, आता आईलाच विचारलं तर ती काही नाही म्हणणार. शेजारच्या इंदूकाकीला फोन केला. "काकी, पळत जाऊन आईला बघा. फोन चालू ठेवा." वहिनींनी मुसळं थांबवली. भाभी माझा हात धरून उभ्या.

काकीच्या धापा ऐकू आल्या, दार वाजलं, आणि मग काकीचं हसू.

"अगं, तुज्या आईनं कॅमेऱ्याला कानटोपी घातलीया!"

मागून आईचा आवाज आला, "इंदे, हात लावू नगंस त्येला! धा मिनटांत फोन वाजतोय बघ."

काकीनं तिला सांगितलं नाही की मी ऐकतेय. मी हळूच फोन ठेवला, आणि पाच मिनिटांनी आईला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातलाच, मी भट्टी पेटवायच्या आधी, आईचा कॅमेरा काळा झाला.