दस्त्यावरची चीर

रिकने एपॉक्सी गोंदाच्या दोन्ही ट्यूब पिळल्या, काडीने मिश्रण कालवलं आणि तो टेबलाकडे वळला. मी चटकन दस्त्यावर हात आडवा ठेवला.

"थांब रिक. ही क्रॅक नाहीये."

"मग काय आहे?"

"अजून माहीत नाही. पण क्रॅक नाहीये."

"विद्या, हे मिश्रण घट्ट होतंय."

"होऊ दे. वाया गेलं तरी चालेल."

रिक माझा बॉस. ॲन आर्बरच्या बाहेर त्याचं जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं. मी मूळची अकोल्याची, वुड टेक्नॉलॉजी शिकून इथे आलेली. आमच्याकडे यायची ती डायनिंग टेबलं, पियानोचे पाय, चर्चमधली बाकं. २००४च्या हिवाळ्यात पहिल्यांदाच बंदुकीचा दस्ता आला. दस्ता म्हणजे नेम धरताना खांद्याला टेकवतात तो लाकडी भाग. लोखंडी भाग मालकाने घरीच ठेवला होता, कारण दुकानात बंदूक आणायची नाही, ही रिकची अट.

बंदूक होती थ्री-नॉट-थ्री. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसायची, तीच. कॉलेजमध्ये असताना एनसीसीच्या कॅम्पात मी ती चालवली होती आणि पुढचा आठवडाभर खांदा चोळत फिरले होते. त्यामुळे दस्ता पाहिल्यावर मला एखादा गाववाला भेटल्यासारखं झालं.

मालकाचं नाव वॉल्टर. वय ऐंशीच्या पुढे. दुसऱ्या महायुद्धात ते आसामात रस्ता बांधणाऱ्या अमेरिकन तुकडीत होते. त्यांच्या कॅम्पवर एक हिंदुस्थानी शिपाई पहाऱ्याला असायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण रोज सकाळी तो यांना आपल्या मगमधला चहा द्यायचा. त्याच्या खांद्यावर अशीच बंदूक होती. पुढे भारतातून जुन्या बंदुका अमेरिकेत विकायला आल्या, तेव्हा वॉल्टरनी आठवण म्हणून एक घेतली. आता त्यांना ती माजी सैनिकांच्या हॉलमध्ये लावायला द्यायची होती.

"एकदम नवी दिसली पाहिजे," ते म्हणाले होते. "एकही ओरखडा नको."

रिक लगेच हो म्हणाला. सँडरने लाकूड घासायचं, चकचकीत पॉलिश मारायचं, काम खलास! मी म्हटलं, आधी साफ तर करू. कोणीतरी दस्त्यावर काळपट व्हार्निशचे थरावर थर चढवले होते. ते काढल्यावर खाली वर्षानुवर्षांचं तेल आणि घाम मुरलेला दिसला. त्यावर पांढऱ्या खडूच्या पुडीचा लेप लावला आणि गरम हवा मारली. लाकडातलं तेल वर येतं आणि पूड ते पिऊन टाकते. पांढरा लेप चहासारखा तपकिरी झाला. तो खरवडल्यावर खालून अक्रोडाचं लाकूड दिसायला लागलं. जिथे पोचे पडले होते, तिथे ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. दबलेले तंतू वाफेने फुगतात आणि पोचा आपोआप वर येतो. हे काम करताना मला दर वेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

आणि तेव्हाच ती चीर दिसली होती. दस्त्याच्या डाव्या बाजूला, बोटभर लांब.

"क्रॅक लाकडाच्या तंतूंबरोबर वाकडी जाते," मी रिकला दाखवलं. "टोकाला केसासारखी बारीक होते. ही बघ. तंतू कापत सरळ गेलीय आणि दोन्ही टोकांना एकदम थांबलीय. ही कोणीतरी केलीय."

रिकने भिंग घेतलं. मी बांबूची काडी तासून तिचं टोक सॉल्व्हंटमध्ये बुडवलं. लोखंडाचं हत्यार इथे चालत नाही, नवे ओरखडे उठतात. रेघेखाली कोणीतरी पुट्टी भरली होती. ती मऊ होऊन कणाकणाने निघायला लागली. रेघेला खाली लोंबणारी एक उभी काठी दिसली. तिच्या शेजारी एक गाठ, गाठीत तिरका छेद. पुन्हा तशीच काठी, तशीच गाठ.

"पहिले दोन सेम आहेत!" रिक भिंगातून ओरडला. सँडर विसरून तोही टेबलावर वाकला होता.

तिसरं अक्षर निघालं आणि मी काडी टाकून हसतच सुटले.

"काय झालं? काय लिहिलंय?"

"बबन! रिक, हे नाव आहे! माझ्या भाषेतलं, आमच्याकडचं नाव! तू शिरोरेषेत एपॉक्सी भरत होतास!"

शिरोरेषा म्हणजे काय, हे त्याला नंतर कागदावर काढून दाखवलं.

आता प्रश्न वॉल्टरचा होता. दस्ता त्यांचा, आणि त्यांना एकही ओरखडा नको होता. फोन केला. बाहेर बर्फ पडत होतं, तरी ते गाडी काढून आले. मी त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं आणि वाचून दाखवलं.

"बॅबॅन," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "हा तोच असेल?"

हो म्हणायचा मोह झाला. पण मी खरं ते सांगितलं. "तसं वाटत नाही. या बंदुका किती हातांतून गेल्या असतील, सांगता येत नाही. हा कोण होता, कधीचा, काहीच कळायला मार्ग नाही."

त्यांनी दस्ता मांडीवर घेतला.

"त्याचं नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही," ते म्हणाले. "रोज त्याचा चहा प्यायचो. या माणसाचं नाव तरी राहू दे. सँडिंग नको."

"आणि ओरखडे?" रिकने विचारलं.

"तेही त्याचेच असतील. राहू देत."

मग फक्त जवसाचं तेल. एक पातळ हात द्यायचा, तळव्याने चोळून जिरवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा चोळायचा. वर्कशॉपभर अकोल्यातल्या तेलघाण्याचा वास सुटला. शेवटचा हात वॉल्टरनी स्वतः दिला. मला मदत करू देईनात.

वसंतात बंदूक हॉलच्या भिंतीवर लागली. लाकूड आतून उजेड पडल्यासारखं दिसत होतं. मी कौतुकाने बघत उभी होते. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ जवळ जाऊन निरखून म्हणाले, "छान आहे. पण कुणाला तरी दाखवून हे ओरखडे भरून घ्यायला हवे होते."

वॉल्टर माझ्याकडे बघून पोट धरून हसले. आमच्या धंद्यात काय काढायचं हे कोणीही शिकवतं. काय ठेवायचं हे कळलं की मात्र लोकांना वाटतं, तुम्ही काही केलंच नाही.