पहिला घोट

"ताई, आधी तुम्ही."

रोज सकाळी सातला दाराशी समोरच्या शेजाऱ्यांचे हेच शब्द. हातात पाण्याने भरलेला स्टीलचा पेला, अंगात इस्तरीचा शर्ट, केस चोपून बसवलेले. मी हातातलं पुस्तक उलटं ठेवायची आणि त्यांच्या पेल्यातला एक घोट घ्यायची. ते माझ्या तोंडाकडे बघत मिनिटभर थांबत. मला काही झालं नाही अशी खात्री पटली, की उरलेलं पाणी उभ्याउभ्या पिऊन टाकत.

पाण्यात कोणीतरी काहीतरी मिसळतं, हे त्यांच्या मनाने वीस वर्षांपूर्वी घेतलं होतं. औषधांनी बाकी पुष्कळ निवळलं, हे गेलं नाही. त्यांची आई होती तोवर घोट ती घ्यायची. ती गेली, आणि माधव नगरच्या आमच्या गल्लीत समोर राहणारी मी, कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झालेली एकटी बाई, त्या कामावर रुजू झाले. दिवसातून चारदा.

एकदा मी गमतीने म्हटलं, "अहो, माझ्यावर एवढा भरवसा?"

ते गंभीरपणे म्हणाले, "भरवसा नाही, ताई. पण तुम्हाला काही झालं तर मी डॉक्टरला आणीन ना."

तुम्ही रस्त्यात त्यांना "कसे आहात?" विचारलं असतं, तर तुम्हालाही एकच उत्तर मिळालं असतं. "एकदम फर्स्ट क्लास!" मोहल्ल्यात कुजबुज नको म्हणून आईने रोजची दाढी, रोजची इस्तरी आणि हे वाक्य त्यांना लावून दिलं होतं.

वडिलांच्या सरकारी नोकरीची पेन्शन आईला मिळत असे. ती आता यांना मिळू शकत होती, मग भाड्याची खोलीही टिकली असती. मात्र ते कमावू शकत नाहीत, असं मेडिकल बोर्डाने लिहून द्यायला हवं होतं. फॉर्म मी भरला. बोर्डापुढे जायच्या दिवशी त्यांची कॉलरही मीच नीट केली.

"कैसे हैं आप?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदम फर्स्ट क्लास, सर!"

"नहाना-धोना?"

"रोज, सर. ठंडे पानी से."

मी मधेच म्हणाले, "डॉक्टर साहब, ये पानी..."

"मैडम, उन्हें बोलने दीजिए. आपसे बाद में पूछेंगे."

डॉक्टर वाईट नव्हते. बाहेरच्या बाकांवर माणसं मावत नव्हती. शिपायाने पाणी आणून ठेवलं. यांनी पेला उचलून माझ्यापुढे धरला. आणि मी, सवयीने, घोट घेतला. मग ते सगळं पाणी प्यायले. मान खाली घालून लिहिणाऱ्या डॉक्टरांनी वर बघितलं, तेव्हा पेला रिकामा होत होता.

नंतर मला विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं.

"अभी तो पिया उन्होंने," डॉक्टर म्हणाले.

अपंगत्वाचे टक्के कमी पडले, पेन्शन अडली.

अपील करता येत होतं. मी म्हटलं, "या वेळी दाढी करू नका. शर्ट चुरगळलेला चालेल."

त्यांचा चेहरा उतरला. "ताई, आईने बघितलं तर?"

अपिलाची तारीख येईपर्यंत घरमालक थांबले नाहीत. त्यांचा इंदूरचा धाकटा भाऊ दोन खोल्यांत चौघांना घेऊन राहणारा. त्याने एका आश्रमात सोय केली. देवास गेटच्या स्टँडवर बस सुटताना खिडकीतून बाटली पुढे आली.

"ताई, आधी तुम्ही."

मी घोट घेतला. शेजारी बसलेल्या भावाला म्हटलं, "तिथे हे सांगा हं."

"सांगतो ताई. लिहूनच देतो."

त्याने लिहून दिलंही. पण एवढ्या माणसांत कोण कोणाचा पेला उष्टा करणार?

मी फोन केला. "कसे आहात?"

"एकदम फर्स्ट क्लास!"

"पाणी पिता ना?"

ते हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही कधी येणार?"

रविवारी येते म्हटलं. मे महिना होता. शुक्रवारी भावाचा फोन आला. अंगातलं पाणीच संपलं होतं, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला.

अजूनही सकाळी सातला मी पेला भरते, एक घोट घेते आणि मिनिटभर थांबते.

मला काही होत नाही.