पुस्तकात नसलेला पूल

शाळेतून निवृत्त होऊन मला सतरा वर्षं झाली, तरी वाडीत कुणाला लांब जायचं असलं की तो आधी माझ्याकडे येतो. माझ्यापाशी रस्त्यांच्या नकाशांचं जाडजूड पुस्तक आहे. नकाशावर दोरा ठेवून मी अंतर मोजतो आणि लाल पेन्सिलीने रस्ता आखून देतो. त्याचा मला माज होता.

परवा शेजारच्या दीपेशने आईचा, जानकीचा, नवस फेडायला कुणकेश्वरला गाडी काढली आणि मला पुढे बसवलं. अभिषेक नऊ वाजता होता. दीपेश फोनवर रस्ता बघू लागला, तो फोन मी त्याला ठेवून द्यायला लावला. पुस्तकात खाडीवर पूल नव्हता, म्हणून मी गाडी आतल्या रस्त्याने लांबून न्यायला सांगितली. जानकी मागे मांडीवर नारळ घेऊन गप्प बसली होती. पोचेपर्यंत साडेदहा वाजले. अभिषेक राहिला तो राहिलाच.

येताना दीपेशने मला काही विचारलं नाही. किनाऱ्याने निघाला, आणि समोर भला मोठा पूल आला. त्याच्या कठड्याचा रंगसुद्धा उडाला होता.

मी मागे वळलो. "जानकी, तुजा म्हायार हयच ना गो? पूल तुका म्हायत नाय होतो?"

"म्हायत होतो, गुरुजी. ह्याच पुलावरसून म्हायेराक जातंय. पण तुमी पुस्तकात बघून सांगी होतास."

माझी बदली इकडच्या शाळेत होती, तेव्हा तिसरीत ती माझ्या वर्गात होती. पुस्तकात नाही ते बोलली, म्हणून मी तिला सबंध तास उभं केलं होतं.