काचघरातल्या तीन घटपर्णी

१९९९ च्या ऑगस्टमध्ये नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या काचघरात तीन घटपर्णींवर बोर्डो मिश्रण फवारलं गेलं. महिन्याच्या आत तिन्ही मेल्या. फवारणी विभागप्रमुखांनी सांगितली होती. मेमो माझ्या आईला मिळाला.

आई वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होती. नाशिक रोडहून सिटी बसने जायची, सगळ्यांच्या आधी पोचून कुलूप उघडायची. सेवापुस्तकात तिच्या नावावर एकही प्रतिकूल शेरा नव्हता. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होणार होती आणि यादीत तिचं नाव पहिलं होतं. एक शेरा पडला असता तर ते नाव गळलं असतं, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं.

झाडं विभागाला एका माजी विद्यार्थिनीने दिली होती. ती बंगळूरला रोपवाटिकेत नोकरी करत होती. घटपर्णीच्या पानाच्या टोकाला झाकणाची सुरई लोंबते, तिच्यात किडे पडतात आणि झाड ते पचवतं. पाठ्यपुस्तकात हे चित्र प्रत्येकाने पाहिलेलं असतं, झाड कोणी पाहिलेलं नसतं. त्या विद्यार्थिनीने झाडांबरोबर सूचनांचा एक कागद दिला होता. नळाचं पाणी नको, खत नको, चुना नको, तांबं असलेलं औषध नको. आईने तो काचघराच्या दाराला आतून चिकटवला. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी ती दोन पिंपांत साठवायची आणि उन्हाळाभर तेवढंच पुरवायची.

दुसऱ्या पावसाळ्यात पानांवर तपकिरी डाग आले. डागाला काळसर कड होती. जुन्या सुरयांवर राखाडी बुरशी धरली. आईने ब्लेड स्पिरिटने पुसून डागाळलेली पानं कापली, पिशवीत बांधून जाळली. कुंड्या एकमेकींपासून हातभर लांब ठेवल्या. काचघराच्या दोन काचा काढून वारा खेळता केला, वरून पाणी शिंपणं बंद केलं. पाण्यात मिसळणारं गंधक अगदी पातळ करून आधी एकाच पानावर लावलं. चार दिवस वाट पाहिली. पानाला काही झालं नाही, तेव्हा संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिन्ही झाडांवर मारलं. ऑगस्टच्या सुरुवातीला नवी पानं स्वच्छ आली. दोन झाडांना बोटाच्या पेराएवढ्या नव्या सुरया धरल्या होत्या. रोग हटला होता. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढच्या कुठल्याही कागदावर ते नाही.

त्या महिन्यात तपासणी समिती येणार होती. विभागप्रमुख काचघरात आले आणि त्यांना कापलेले देठ दिसले.

"बाई, ही भुंडी झाडं दाखवायची का समितीला?"

"बरी होतायत, सर. नवी पानं बघा ना."

सरांनी पानं पाहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मेहुण्याला बोलावलं. त्याची दिंडोरीकडे द्राक्षबाग होती. नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची बुरशी माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण, आणि ती माहीत असलेल्याला दुसरं काही सांगणं त्याहून कठीण. तो पाठीवरचा पंप घेऊनच आला. मोरचूद, म्हणजे तांब्याचंच औषध, आणि चुना प्रयोगशाळेच्या बादल्यांमध्ये कालवून त्याने बोर्डो मिश्रण केलं. पुढचं बोलणं आईने मला अनेकदा सांगितलं. त्यातला एकही शब्द कधी बदलला नाही.

"भाऊ, हा द्राक्षाचा वेल नाही. त्या कागदावर लिहिलंय, तांबं नको म्हणून."

"मावशी, कागदावर लय काही लिहिलेलं असतं. आमच्या डब्यावर बी लिहिलंय, हातमोजे घाला." त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते.

"मग एकाच झाडावर मारा. चार दिवस बघू."

"चार दिवसांनी समिती आहे," सर म्हणाले. "तुम्ही पाणी घालायचं काम करा. रोगाचं आम्ही बघतो."

"आणि ही भांडी कशाची लटकवली?" मेहुण्याने विचारलं.

"त्यात किडे पडतात."

"मंग बरंच. त्यांचंबी काम होऊन जाईल."

पानांवरून थेंब गळेपर्यंत त्याने फवारलं. सुरया निळ्या पाण्याने काठोकाठ भरल्या. दारावरचा कागदही भिजला.

समिती काचघरात पाच मिनिटंही थांबली नाही. तोवर आईने पिपेटने सुरयांतलं पाणी उपसून काढलं होतं, पिंपातल्या पाण्याने पानं आणि कुंड्या धुतल्या होत्या. पण चुना कुंडीत मुळाशी भरलेल्या शेवाळात उतरला होता. आधी पानांच्या कडा जळाल्या, मग शेंडे काळे पडले.

मेमोत लिहिलं होतं की पाण्याचा अतिरेक आणि देखभालीतला निष्काळजीपणा यांमुळे तीन दुर्मीळ वनस्पती नष्ट झाल्या. खुलासा सात दिवसांत द्यायचा होता. खाली सही सरांची होती.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. रोज दुसऱ्यांचे खुलासे छापत होतो. मी तिला सांगितलं, दिलगिरी लिही, प्रकरण मिटेल.

"दिलगीर कशाबद्दल? मी काय केलं ते आधी सांग."

"आई, नोकरी आहे."

"नोकरीचंच बोलतेय मी. झाडं सांभाळायची नोकरी आहे माझी. कोणी मारली ते विसरायची नाही."

तिने तिचं काम आधीच केलेलं होतं. काचघरातलं झाड गेलं की त्याचं हर्बेरियम शीट करायचं, ही विभागाची जुनी पद्धत. शेंडे काळे पडायला लागले तेव्हा तिने धुण्यातून सुटलेलं एक पान सुरईसकट कापलं, वर्तमानपत्राच्या घडीत दाबलं, रोज घडी बदलून वाळवलं आणि शीटवर शिवलं. पानावर निळसर पांढरे डाग तसेच होते. लेबलवर नाव, कुळ, ठिकाण, तारीख, आणि शेऱ्याच्या रकान्यात: बोर्डो फवारणीनंतर. शीटची नोंद रजिस्टरमध्ये केली. महिनाअखेरीला सरांनी रजिस्टरच्या त्या पानावर सही केली होती. ते कधीच वाचून सही करत नसत.

आईचा खुलासा चार ओळींचा होता. काय फवारलं, कधी, कोणाच्या सांगण्यावरून, आणि शीटचा क्रमांक.

सरांनी तिला बोलावलं. आवाज एकदम खाली आला होता, असं ती सांगायची.

"बाई, ते शीट काढून टाका. विषय संपवू."

"नोंद झालेलं शीट काढायला लेखी आदेश लागतो, सर. द्या, लगेच काढते."

आदेश आला नाही. मेमोही मागे घेतला गेला नाही. पुढच्या वर्षी सहायकाची जागा भरली, तेव्हा यादी नव्याने केली होती आणि तिच्यात आईचं नाव तिसरं होतं. पहिलं नाव तिसरं कसं झालं, हे तिने लेखी विचारलं. प्रकरण विचाराधीन असल्याचं तोंडी सांगण्यात आलं. सर निवृत्त झाले, त्यांचा सत्कार झाला. त्या दिवशी खुर्च्या आईनेच लावल्या.

२००६ मध्ये ती प्रयोगशाळा परिचर म्हणूनच निवृत्त झाली. सेवापुस्तकाची प्रत माझ्याकडे आहे. तिच्यात प्रतिकूल शेरा नाही. खुलाशाला उत्तर आलेलं नाही.