गोधडीचा घास

तुमच्या अंगावरच्या गोधडीला शेवटचा टाका कोणी घातला, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

नसेलच विचारलं. आमच्या कल्याणात गोधडी काठाकडून आत शिवत नेतात. टाका काठाकाठानं फिरत मध्याकडे येतो आणि अगदी मधोमध चार बोटं जागा उरते. तिथे कोऱ्या कापडाचा एक लहानसा चौकोन हेम घालून बसवतात. त्याला घास म्हणतात. घास भरला नाही तर गोधडी उपाशी राहते आणि निजणाऱ्यालाच खाते, अशी समजूत आहे. आणि घास भरायचा तो सवाष्णीनं.

मला गोधडी शिकवणाऱ्या बाईंनी एकाही गोधडीला घास भरला नव्हता. त्या विधवा होत्या.

माझे वडील ठाण्याला छापखान्यात खिळे जुळवायचे. संध्याकाळच्या गाडीनं कल्याणला परत येताना बिघडलेले छापील कागद घेऊन यायचे. स्त्रियांची स्थिती, बालविवाहाचे दुष्परिणाम, केशवपनाचा निषेध, असल्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. दुसऱ्या मुलींना ओव्या पाठ असत, मला पत्रकं पाठ होती. लग्न होऊनही नवरा शिकायला मुंबईला म्हणून मी माहेरीच राहिले, आणि मुलींच्या शाळेत आधी शिकायला व मग धाकट्या वर्गाला शिकवायला जाऊ लागले.

शाळा पारनाक्याजवळ एका व्यापाऱ्याच्या माडीवर भरे. शिवणाचा तास दुपारचा. तो बाईंचा. शाळेच्या मंडळींनी त्यांना नेमलं तेव्हा ठाण्याला टेंभी नाक्याजवळ सभा झाली होती आणि अध्यक्षांनी विधवांच्या दुःखावर भाषण केलं होतं. त्याचं पत्रक माझ्या वडिलांनीच जुळवलं. पाहुणे शाळा पाहायला आले की बाईंना पुढे बोलावत. विधवेच्या आलवणाचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून त्या उभ्या राहत. पाहुणे गेले की पुन्हा सतरंजीवर बसून म्हणत, "झालं दर्शन. घ्या गं सुया."

गोधडी म्हणजे चिंध्यांचा संसार, शिकलेल्या मुलीनं त्यात का बसावं, असं मला वाटे. मी ते बोललेही. बाई हसल्या.

"तुझ्या पत्रकाचा कागद कशाचा होतो गं?"

"चिंध्यांचा," मी म्हटलं.

"मग बस."

मी बसले. पुढे एकदा, मुली घरी गेल्यावर, मी त्यांना विचारलं की हे काम तुम्हाला आवडायला कसं लागलं. त्या दोरा ओवत होत्या. सांगताना मान वर केली नाही.

त्या अकरा वर्षांच्या असताना नवरा गेला. नवऱ्याचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा पोत मात्र आठवत होता. ते काढून घेतलं. मग न्हाव्यासमोर बसवलं, मग माजघराच्या मागच्या खोलीत. निजायला घोंगडी. घरातलं कोणी नवं लुगडं नेसलं की जुनं त्यांच्यापुढे टाकायचे आणि सांगायचे, बसल्या बसल्या गोधड्या शिव.

"हिरवं आलं," त्या म्हणाल्या. "हळदीचं पिवळं आलं. जावेच्या डोहाळजेवणाचं अंजिरी आलं, काठाशी जरा विरलेलं. मला रंग नेसायची बंदी होती. हातात घ्यायची बंदी करायला विसरली होती मंडळी. मी दिवसभर मांडीवर घेऊन बसायची. कोणी आलं की सुई चालवायची. मग सुई चालवायला लागले ती लागलेच."

त्या डावऱ्या होत्या. जेवताना, देवाला फूल वाहताना त्यांच्या डाव्या हातावर चापट्या बसल्या, आणि तो हात निमूट झाला. पण मागच्या खोलीत सुईकडे बघायला कोणी नव्हतं. त्यामुळे शिवणात त्यांचा डावा हात तसाच राहिला. आम्ही उजवीकडून डावीकडे टाका घालत जायचो, त्या डावीकडून उजवीकडे. आमच्या हेमाचे टाके एका अंगाला कलत, त्यांचे दुसऱ्या. म्हणून त्यांची गोधडी ओळखायला सोपी. काठापासून सगळे टाके एका बाजूला झुकलेले, आणि मध्ये घासाला पोहोचलं की एकदम उलटे, कारण तिथे हात बदललेला असे. वाऱ्यानं सगळं शेत एकीकडे कललेलं असावं आणि मधोमध एकच वाफा उलटा, तसं ते दिसे.

घास भरायला शाळेत सवाष्ण म्हणजे मी. पहिल्यांदा त्यांनी गोधडी पुढे सरकवली तेव्हा मी हात मागे घेतला.

"मी नाही भरणार. तुम्ही शिवलीत, तुम्हीच भरा. हा अन्याय आहे."

"आहे."

"मग?"

"मग गोधडी उपाशी राहील. तुझ्या तत्त्वानं तिचं पोट भरत नाही. घाल टाका, मुली थांबल्यात."

मी टाके घातले. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. भुकेलेल्या माणसानं दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये म्हणून मान फिरवावी, तशी त्यांनी मध्येच मान फिरवली. मला तेव्हा कळलं की या बाईला आयुष्यात आणखी काही नको आहे. मोक्ष नको, पुनर्विवाह नको, सभेतलं भाषण तर नकोच. एक गोधडी काठापासून मध्यापर्यंत आपल्या हातची हवी आहे.

आमच्या वर्गातली एक मुलगी डोंबिवलीला दिली होती. डोंबिवली म्हणजे भाताच्या खाचरांमधलं लहानसं गाव. ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. शिकताना बाईंच्या मांडीला मांडी लावून बसणारी हीच. एका दुपारी ती जिना धरत धरत माडीवर आली आणि एक गाठोडं सोडलं. आत आईचं, आजीचं, आत्याचं लुगडं. बाळाचं दुपटं करायचं होतं.

"बाई, घास तुम्ही भरायचा."

"वेडी आहेस का? ही आहे ना," बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"यांचा टाका मोठा पडतो. बाळाच्या पायाचा अंगठा अडकेल."

मुली हसल्या. मीही हसले. बाई हसल्या नाहीत.

"सासू काय म्हणेल तुझी?"

"सासूला काय कळतंय? आणि तुम्ही मला शिकवलंत, मारलं नाहीत, माझ्या कपाळावर हात ठेवलात तेव्हा माझा ताप उतरला. तुमच्या हाताला काय झालंय?"

बाईंनी दुपटं शिवायला घेतलं. मधली जागा उरली तेव्हा पोरीनं आपल्या नव्या चोळीच्या उरलेल्या खणाचा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो बराच वेळ बोटांत फिरवला. मग सुई घेतली. टाके भाताच्या कणीएवढे, सगळे त्यांच्या बाजूला झुकलेले. शेवटची गाठ मारून त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि दुपटं उलटं करून तळहातानं मधोमध चाचपून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याचं मला वर्णन करता येणार नाही. एवढंच सांगते की त्या दिवशी पदर कपाळावरून मागे गेला होता आणि त्यांनी तो ओढला नाही.

त्या उजव्या हातानं शिवत्या, किंवा ते चार बोटांचं हेम मुद्दाम उलट्या बाजूनं घालत्या, तर कोणाला कळलं नसतं. पण जन्मभर जी गोष्ट हवी होती ती हातात आल्यावर माणूस ती दुसऱ्याच्या हातानं कशी करील?

मुलगा झाला. धडधाकट. बारशाला डोंबिवलीची मंडळी आली. सासूनं बाळ घ्यायला दुपटं उचललं आणि उजेडाकडे धरलं. ती स्वतः गोधड्या शिवणारी. शाळेतल्या गोधड्या तिच्या घरात होत्या.

"यात हात बदलला नाही," ती म्हणाली. "घास कोणी भरला?"

पोर खोटं बोलली असती तरी दुपट्यानं ऐकलं नसतं. सासूनं बाळाला त्यात घेतलं नाही, दुपटं विहिरीजवळ नेलं आणि जाळलं. बाळ पुढेही ठणठणीतच राहिलं. दृष्ट नाही, ताप नाही, काही नाही. तुम्हाला वाटेल, मग प्रश्न मिटला. उलट सगळ्या बायका म्हणाल्या, वेळेवर जाळलं म्हणून पोर वाचलं.

आठवडा सरायच्या आत घरोघर गोधड्यांचे घास उजेडाला धरून पाहिले गेले. मुली शाळेत येईनाशा झाल्या. मंडळींची बैठक भरली. मला खात्री होती की आता अध्यक्ष उभे राहतील. त्यांची वाक्यं मला पाठ होती. मी दाराशी उभी राहिले.

"बाईंचा दोष नाही, हे आम्हाला मान्य आहे," ते म्हणाले. "पण लोकांची मनं तयार नाहीत. शाळा टिकली पाहिजे."

"रावसाहेब, तुमच्या भाषणात तर होतं की लोकांची मनं आपोआप तयार होत नाहीत, ती तयार करावी लागतात."

"भाषण निराळं, मुली."

"मग छापलंत कशाला?"

कोणीतरी खोकलं. कोणी पानाचा डबा पुढे सरकवला. शिवणाच्या तासाला यापुढे लोकरीचं विणकाम ठेवायचं ठरलं, टोपडी आणि मोजे. त्यात घास नसतो.

बाई परत माजघराच्या मागच्या खोलीत गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. खोलीत एकही चिंधी नव्हती. दिरानं सांगितलं होतं की यापुढे जुनेरं हिच्याकडे द्यायची नाहीत. दर पंधरवड्याला बोहारीण येते, ती भांडं देऊन लुगडी घेऊन जाते. हिरवं, पिवळं, अंजिरी, सगळं दारावरूनच जातं.

"तुम्हाला राग येत नाही?" मी विचारलं.

"येतो की."

"मग बोला. मी लिहिते. छापू."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुझ्या वडिलांनी पुष्कळ छापलं गं. चांगलं छापलं." मग म्हणाल्या, "ते दुपटं जळताना कोणी बघितलं का? मध्य आधी पेटला की काठ?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा सूप उचललं. त्यांचा डावा हात मांडीवर पडून होता. त्या उजव्या हातानं खडे काढत होत्या.

त्यानंतर मला त्यांच्या घरी जाऊ दिलं नाही. ती मुलगी सासरी आहे, तिला सुई धरायची मनाई आहे. शाळा टिकली आहे. मोजे विणले जातात, आणि आमच्या हवेत ते कोणी घालत नाही. बाईंनी शाळेत सुरू केलेली शेवटची गोधडी माझ्याकडे आहे, मधली चार बोटं उघडी. मी सवाष्ण आहे, मला ती मिटवता येईल. मी मिटवणार नाही.

हे वाचून तुम्ही हळहळाल, हे मला ठाऊक आहे. हळहळणारी माणसं मी माडीवर पान खाताना पाहिली आहेत. तुमच्याकडून काही होईल अशी आशा मला फारशी राहिलेली नाही. तरी मागते. तुमच्या घराच्या मागच्या खोलीत अशी एक बाई बसलेली असेल. आज तिच्यापुढे रंगीत जुनेर ठेवा. तुमच्या पोराचं दुपटं तिच्याकडून शिवून घ्या, घास तिलाच भरू द्या, ज्या हातानं ती शिवते त्याच हातानं. आणि मग सगळ्यांच्या देखत त्याच दुपट्यात पोराला निजवा.