राज्यारोहणाचा पेढा

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण आज घेते. श्रीरंग. सत्तावन्न साली साताऱ्याहून जर्मनीत आले, नेकारसुल्मला मोटारसायकलींच्या कारखान्यात इंजिनिअर झाले, आणि मग इथेच देशभक्तही झाले.

दर सव्वीस जानेवारीला हायडेलबर्गच्या मराठी विद्यार्थ्यांसमोर एकच गोष्ट रंगायची. सदतीस साली सहाव्या जॉर्जचा राज्यारोहण सोहळा झाला, तेव्हा भर सुट्टीत शाळेत बोलावून प्रत्येक मुलाला राजाच्या नावाचा पेढा दिला होता. नऊ वर्षांच्या श्रीरंगनं म्हणे तो मातीत फेकला आणि हेडमास्तरांच्या छड्या खाल्ल्या. टाळ्या पडायच्या. आमच्या विनयला तर गोष्ट तोंडपाठ होती.

मला शिसारी यायची. पेढा फेकला होता मोहनभाऊजींनी, यांच्या थोरल्या भावानं. छड्याही त्यांनीच खाल्ल्या. एक बोट कायमचं वाकडं झालं, ते मी पाहिलंय. यांनी तेव्हा काय केलं, तेही सासूबाईंनी सांगितलं होतं. पण मुलाच्या नजरेतून बाप उतरू नये, एवढ्यासाठी मी तोंड दाबून बसले.

पासष्टच्या मे महिन्यात त्याच राजाची मुलगी, आताची राणी, श्टुटगार्टला यायची होती. आमच्या क्रांतिवीरांनी रजा काढली, नवा टाय घेतला आणि सकाळपासून आम्हाला रस्त्याच्या कडेला उभं केलं. आमच्या शेजारीण फ्राऊ केसलरही आल्या होत्या. त्यांनी राणीच्या नावानं मुलांना चॉकलेटं वाटली.

गाडी आली. हे कमरेत वाकले. गाडी निघून गेली तरी वाकलेलेच! विनयनं बाबांकडे पाहिलं, हातातल्या चॉकलेटकडे पाहिलं आणि छाती काढून ते रस्त्यावर फेकलं. अगदी गोष्टीत फेकतात तसं.

"लोक बघतायत, गाढवा!" म्हणत यांनी त्याच्या थोबाडीत मारली. मग चॉकलेट उचललं, रुमालानं पुसलं आणि स्वतःच्या तोंडात टाकलं. मला इतकी किळस आली की शेजारी उभं राहवेना.

परतीच्या ट्रेनमध्ये यांच्यासमोरच मी विनयला सांगितलं, "पेढा मोहनकाकांनी फेकला होता. तुझ्या बाबांनी तो उचलून खाल्ला."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. विनयनं लाल झालेल्या गालावर हात ठेवला.

"आल्झो... म्हणजे," तो म्हणाला, "आजच्यासारखा."