छातीठोक 'ठाऊक न्हाय'

'मला ठाऊक नाही' हे वाक्य छाती पुढे काढून म्हणणारा माणूस सबंध धाराशिव जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा हे माझं प्राक्तन. मी तुळजापुरात लॉज चालवतो. आमच्या धंद्यात ठाऊक नसलेलंसुद्धा ठासून सांगावं लागतं. साडू मात्र जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या दवाखान्यात, तातडीच्या विभागाचे डॉक्टर. हायवेवर आपटलेला ड्रायव्हर, छाती धरून आलेले आजोबा, झटके येणारं लेकरू, सगळं आधी त्यांच्यापुढं येतं. अशा माणसानं कसं, बघताक्षणी ठणकावून बोलावं. हे गृहस्थ औषध झटपट देतात, पण बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच प्रश्न असतो: "कशावरून?"

माझ्या लॉजच्या पाटीवर 'चोवीस तास गरम पाणी' असं लिहिलंय. देवीच्या दर्शनाला आलेल्या एकाही भाविकानं त्यावर कधी शंका घेतली नाही. साडू मुक्कामाला आले, तर दर थोड्या वेळानं तापाचं थर्मामीटर घेऊन नळाशी उभे. दुपारच्या चहाला, गिऱ्हाइकं बसलेली असताना, त्यांनी निकाल जाहीर केला, "पाटी अर्धी खरी हाय." नळदुर्गच्या ढाब्यांचं तसंच. डावीकडच्या ढाब्याची शेंगाचटणी चांगली की उजवीकडच्या, यावर आम्ही गाडीत भांडत होतो. साडूंनी दोन्हीकडून चटणी आणवली, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि त्याला आळीपाळीनं घास भरवले. आम्ही भुकेनं कळवळत बघत राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, "दोन्ही बी झ्याक हायत." तर साडूंना कोण आनंद! "बघा, उगंच भांडत होतो आपण!" आमच्या मेव्हणीबाई तर सांगतात की डॉक्टर त्यांना बघायला आले तेव्हा त्यांनी पोहे दोनदा मागून घेतले. माहेरचे खूश झाले, जावई पोह्यांवर भाळला म्हणून. लग्नानंतर कळलं, दुसरी बशी पहिलीसारखीच जमलीय का ते तपासत होते.

असल्या माणसाच्या हाती संशोधन आलं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं मी तेव्हा म्हणालो होतो. विषय होता लहान मुलांच्या झटक्यांचा. झटका थांबवायची दोन औषधं, एक शिरेतून सुईनं द्यायचं, दुसरं नाकात फवारायचं. दोन्ही चालतात, पण कोणतं लवकर गुण देतं ते बघायचं होतं. पोर आलं की बंद पाकीट फोडायचं, आत जे औषध निघेल ते द्यायचं. निवड डॉक्टरनं करायची नाही, नाहीतर तो आपल्या आवडीचं देत बसतो. आता लेकराचे डोळे पांढरे झालेले असताना आईला हे समजावत कोण बसणार? म्हणून साडू आधीच गावोगाव जाऊन सांगत. ज्याला नको त्यानं नको म्हणावं, त्याला नेहमीची सुई मिळेल.

अणदूरला मी बरोबर होतो. खंडोबाच्या देवळापुढं माणसं जमली होती. साडूंनी सगळं सांगितलं आणि शेवटी नेहमीचं वाक्य ठोकलं, "ह्यातलं कोणतं बरं, ते मला ठाऊक न्हाय." सभेत कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "मग ठाऊक असलेला डाक्टर बोलवा की!" मी हसू दाबलं. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी उठली. "डाक्टर, एक इचारते. तुमच्या घरचं लेकरू आलं तर त्येला बी असंच पाकीट फोडून देणार व्हय?"

साडू गप्प झाले. इतका वेळ गप्प, की मलाच अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाले, "व्हय. देणार."

परतताना मी छेडलं, "डॉक्टर, खरं सांगा. आतून काय वाटतं?"

"आतून नाकातलं बरं वाटतं," ते म्हणाले. "पण वाटणं येगळं आन ठाऊक असणं येगळं."

पुढं काही महिन्यांनी, भर दुपारी, त्यांचीच नात तापानं फणफणून झटके देत दवाखान्यात आली. चार वर्षांची पोर. मी त्या दिवशी त्यांच्याच घरी होतो, मेव्हणीबाईंना घेऊन मीही पाठोपाठ पोचलो. घरच्या पेशंटला हात लावायचा नाही हा साडूंचाच नियम, म्हणून हाताखालची डॉक्टरीण पुढं झाली. सुनेनं सासऱ्याचा दंडच धरला. "मामा, पाकीट ऱ्हाऊ द्या. तुमचं मन म्हणतंय ते द्या तिला!"

"माझं मन म्हंजे औषध न्हाय, बाळा," साडू म्हणाले. "मला खरंच ठाऊक न्हाय. तुला नको असंल तर नको म्हण, नेहमीचं देतील."

सुनेनं एकदा लेकीकडं, एकदा सासऱ्याकडं बघितलं. "फोडा," ती म्हणाली.

सुई निघाली. साडूंचं मन म्हणत होतं त्याच्या नेमकी उलट. झटके देणाऱ्या पोरीची शीर लवकर सापडेना. फवाऱ्याची बाटली शेजारच्याच ट्रेमध्ये होती. साडू भिंतीला पाठ लावून उभे राहिले, दोन्ही हात मागं, जणू कुणी बांधून ठेवलेत. जन्मभर या माणसाची टिंगल केली, पण त्या वेळी मला त्यांच्यापुढं हात जोडावेसे वाटले. शीर सापडली. औषध गेलं. हळूहळू पोरीची मूठ सैल झाली आणि ती रडली. साडू तिथंच खाली फरशीवर बसले.

नात घरी आली, हिंडायला लागली, तेव्हा ते मला म्हणाले, "अणदूरला जाऊन येऊ." म्हातारी देवळापाशीच होती. साडूंनी सगळं सांगितलं, पाकीट, सुई, सगळं. तिला काही नवल वाटलं नाही. "देणार ते मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली.

"कशावरून?" साडूंच्या तोंडून आपोआपच निघालं.

"तुमी व्हय म्हणाया लई येळ लावला. थापा मारणारा लगीच व्हय म्हणतो."

त्या संशोधनाचा निकाल अजून लागायचा आहे. साडूंना विचारलं तर तीच छाती आणि तेच 'ठाऊक न्हाय'. पण त्या दिवशी अणदूरहून निघालो तेव्हा गाडीत मी त्यांच्याकडं नीट बघितलं. अलीकडं ते थकलेत, केसही सगळे पांढरे झालेत, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मी म्हटलं, "काय डॉक्टर, पटला का म्हातारीचा पुरावा?"

"एकाच माणसाचं मत हाय," ते म्हणाले. "त्यावरून काय सिद्ध होत न्हाय." मग खिडकीबाहेर बघत, माझ्याकडं मुळीच न वळता म्हणाले, "पण ते मत ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी."